यशवंत घाडगे यांचे नाव कोठे कोरावयाचे?

आज १० जुलै. सन १९४४ मध्ये याच दिवशी इटलीमधील तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील डोंगरांत, कोकणच्या मातीतून गेलेला एक मराठी जवान एकटा शत्रूच्या मशीनगनवर चालून गेला. ती त्याने कायमची मुकी केली आणि तिच्याच शेजारी छातीत व पाठीत गोळ्या झेलून देह ठेवला. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे हे ते वीर. तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव हे त्यांचे गाव. जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. म्हणजे मरणसमयी वयाची तेवीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च शौर्यपदक जे व्हिक्टोरिया क्रॉस, ते त्यांना मरणोत्तर देण्यात आले. या घटनेला आता आठ दशकांहून अधिक काळ लोटला आहे. स्वतंत्र भारताच्या राजधानीत दोन मोठी राष्ट्रीय युद्धस्मारके आहेत. त्यांपैकी कोणत्या भिंतीवर यशवंत घाडगे हे नाव वाचावयास मिळते, असा प्रश्न आज आम्ही जाहीरपणे विचारीत आहोत. उत्तर सोपे आहे आणि ते लाजिरवाणे आहे. एकाही भिंतीवर नाही.

प्रथम त्या दिवशी काय घडले ते सांगितले पाहिजे. कारण शौर्याची स्तुती करणारे पुष्कळ असतात आणि शौर्याची हकीकत नीट ठाऊक असणारे थोडे. मराठ्यांची एक कंपनी शत्रूच्या मजबूत मोर्चावर चालून गेली होती. यशवंत घाडगे हे त्या कंपनीतील एका छोट्या तुकडीचे नायक. अगदी जवळच्या अंतरावरून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि पाहता पाहता तुकडीतील एकूण एक जवान ठार तरी झाला किंवा घायाळ तरी. उभा राहिला तो एकटा नायक. मागे कोणी उरलेले नाही हे त्यांना दिसत होते. अशा वेळी आडोसा धरून पडून राहिले असते तर त्यांना दोष देण्यास कोणी धजला नसता; युद्धशास्त्रही त्यांच्याच बाजूने बोलले असते. पण हातातील टॉमीगन झाडीत ते थेट त्या मोर्चावर धावले. आधी हातबॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन आणि तिच्यावरचा गोलंदाज दोन्ही निकामी केले. दुसऱ्या एका सैनिकास गोळी घातली. एवढ्यात गोळ्या संपल्या आणि नवे मॅगझिन चढविण्यास उसंत उरली नाही. तेव्हा टॉमीगन नळीकडून धरून, तिचाच सोटा करून, उरलेल्या दोघांना त्यांनी लोळविले. मोर्चा ताब्यात आला. तो ताब्यात आल्यावर लपलेल्या नेमबाजांनी यशवंतरावांना टिपले, आणि एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला.

ही हकीकत २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटात आली, ती सरकारी भाषेत आणि मोजक्या ओळींत. आम्हीही तिला अलंकार चढविलेले नाहीत. ज्यांना त्या सोट्याखाली मरण आले ते जर्मन सैनिकही कोणाचे तरी पुत्र होते, आणि त्या मृत्यूंचे गोडवे गाण्याची आम्हांस हौस नाही. आम्हांस थक्क करते ते दुसरेच. सारे सोबती पडल्यावर आणि जिवंत परतण्याची आशा संपल्यावर, कोणी आज्ञा केलेली नसताना आणि पाहणारे कोणी उरले नसताना, पुढे धावत सुटण्याचा तो क्षणार्धातला निश्चय. तो मनुष्य कोठून आणतो, हे कोणत्याही गॅझेटास सांगता आलेले नाही.

या पदकाचाही थोडा इतिहास आहे. १९११ पर्यंत हिंदी सैनिकास व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची सोयच नव्हती. शौर्यालाही गोरा रंग लागत असे. ती अट सुटली आणि अवघ्या तीन वर्षांनी, १९१४ साली, बेल्जममधील रणांगणावर खुदादाद खान यांनी ते मिळविले. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतील सहा हिंदी सैन्यातील जवानांचे. या सहांपैकी दोन मराठा पलटणींचे. एक यशवंत घाडगे आणि दुसरे अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे शिपाई नामदेव जाधव. सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेवरावांनी जखमी साथीदारांना माराच्या पलीकडे नेले, शत्रूचे मोर्चे उडविले, आणि मग बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या कंपन्यांना पार बोलावून घेतले. ते जगले, गावी परतले आणि १९८४ मध्ये वारले. यशवंतराव परतले नाहीत. त्यांच्या देहाचे काय झाले, त्याची माती कोणत्या डोंगरउतारावर मिसळली, हे कोणासही सांगता येत नाही. रोमच्या दक्षिणेस कासिनो येथे जे युद्धस्मारक आहे त्यावर, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या रांगेत, यशवंत घाडगे हे नाव आहे. ते पडले रोमच्या उत्तरेस. नाव राहिले रोमच्या दक्षिणेस. त्याच कासिनोच्या परिसरात जर्मनांचीही स्मशानभूमी आहे. तेथे वीस हजारांवर जर्मन सैनिक विसावले आहेत. पराभूत देशानेही आपले मेलेले मोजले आणि त्यांच्यासाठी जागा राखली!

अलीकडेच घडलेली एक गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक असेल, नसेल. जुलै २०२३ मध्ये इटलीतील पेरुजा प्रांतातल्या मोंतोने या लहानशा गावाने यशवंत घाडगे यांचे स्मारक उभारले. ते स्मारक म्हणजे एक सूर्यघटिका आहे, आणि तिच्यावरच्या लॅटिन वचनाचा आशय असा की, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. समारंभास भारताच्या राजदूत उपस्थित होत्या. मोंतोने हे काही जगप्रसिद्ध शहर नव्हे. आपल्याकडील एखाद्या डोंगरी गावासारखे गाव. आपल्या शिवारात येऊन मेलेल्या परक्या मुलखातल्या तरुणाचे नाव त्याला जवळजवळ ऐंशी वर्षांनंतर आठवले, त्याने ते नीट उच्चारावयास शिकून घेतले आणि चौकात लावले. (ऐन जुलैत आमच्या माणगावी ही सूर्यघटिका लावली असती, तर पावसाने तिला चार महिने वेळ सांगू दिली नसती, पण तो आमच्या आभाळाचा दोष.) माणगावकरही अगदीच कृतघ्न नाहीत. तहसील कचेरीच्या आवारात यशवंतरावांचा पुतळा आहे आणि दर वर्षी तेथे मानवंदना दिली जाते. तालुक्याने आपले काम केले आहे. प्रश्न तालुक्याच्या वरचा आहे.

दिल्लीत इंडिया गेट आहे. त्याची कोनशिला १९२१ मध्ये बसली आणि १९३१ मध्ये ते उभे राहिले. त्याच्या दगडांवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. ती पहिल्या महायुद्धातील व त्यानंतरच्या अफगाण युद्धातील. त्याच्या जवळच २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले. तेथील ग्रॅनाइटच्या भिंतींवर सुमारे सव्वीस हजार नावे आहेत. ती स्वातंत्र्यानंतर देह ठेवलेल्यांची. ही दोन्ही स्मारके योग्यच आहेत, आणि त्यांतील एकाही नावाविषयी आमची तक्रार नाही. परंतु या दोहोंच्या मध्ये एक अख्खे महायुद्ध गळून पडले आहे. १९३९ ते १९४५ या काळात पंचवीस लाख हिंदी जवान लष्करात होते. ते सारे आपणहून भरती झालेले. सक्तीची भरती या देशात नव्हती. त्यांतील सत्याऐंशी हजारांहून अधिक जण मेले. केवळ इटलीत ५,७८२. पहिल्या भिंतीसाठी ते फार उशिरा मेले आणि दुसऱ्या भिंतीसाठी फार लवकर! यशवंत घाडगे स्वातंत्र्याच्या आधी तीन वर्षे पडले. एवढ्या तीन वर्षांच्या अंतराने मनुष्य आपला की परका हे ठरावे काय?

ठरावे, असे म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ते म्हणतात, हे सैन्य कोणाचे होते? ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानातील एकाही लोकप्रतिनिधीस न विचारता हा देश युद्धात लोटला. यशवंत घाडगे इटलीत लढत होते तेव्हा पंडित नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीतील त्यांचे सहकारी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार इंग्रजांशी झुंजत होते. इंफाळच्या सीमेवर नेताजींची आझाद हिंद सेना याच हिंदी सैन्याशी लढत होती. फार लांब कशाला जावे? माणगावच्या शेजारी महाड आहे. तेथे १० सप्टेंबर १९४२ रोजी नाना पुरोहित यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा निघाला आणि पोलिसांच्या गोळीबारात देशभक्त पडले. एकाच जिल्ह्यातील माणसे. एक इंग्रजांच्या गोळीने मेला आणि दुसरा इंग्रजांच्या गणवेशात. दोघांना एकाच मापाने कसे मोजावे, असा हा प्रश्न आहे.

आमचे उत्तर असे की, एकाच मापाने मोजूच नये. महाडचा हुतात्मा स्वातंत्र्यासाठी मेला. यशवंत घाडगे स्वातंत्र्यासाठी मेले असे म्हणणे असत्य होईल, आणि असत्याच्या पायावर उभारलेल्या पुतळ्याने त्यांचा गौरव होणार नाही. लष्करात ते का गेले हे त्यांच्या तोंडून ऐकणारा आज कोणी नाही. कोकणातल्या तुटपुंज्या भातशेतीने पिढ्यान् पिढ्या एक मुलगा मुंबईच्या गिरणीत आणि एक पलटणीत धाडला, हे मात्र सर्वांना ठाऊक आहे. चुलीवर शिजणाऱ्या भाताला मनीऑर्डरीची जोड लागे. पण म्हणून त्यांना भाडोत्री म्हणावयाचे असेल, तर त्या भाड्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. पगार हा हजेरीचा असतो. सारी तुकडी पडल्यावर मशीनगनवर धावून जाण्याचा पगार जगातील कोणत्याही सरकारने अद्याप ठरविलेला नाही. ते धावले ते पलटणीच्या अब्रूसाठी, बाजूला पडलेल्या सोबत्यांसाठी. याच पलटणींची युद्धगर्जना छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची आहे. तीत लंडनच्या राजाचे नाव नाही.

शिवाय ते युद्ध केवळ साम्राज्याचे होते, असे आज तरी कोणी म्हणू नये. समोर हिटलरची सेना होती. ती जिंकली असती तर हिंदुस्थानचे काय झाले असते, याचा विचार साम्राज्याच्या कडव्या शत्रूंनीही केलेला होता. मोंतोनेच्या लोकांना तर विचार करण्याचीही गरज पडली नाही. त्यांच्या दारातून जर्मन गेले आणि हिंदी शिपाई आले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. स्वतः गुलामीत असलेल्या देशाच्या शिपायांनी दुसऱ्या एका देशातली गावे मोकळी केली. यातील विसंगती आम्हांस दिसते. ती लपवावी असे आम्ही म्हणत नाही. ती तशीच दगडावर यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आणि स्वतंत्र भारताच्या राजधानीने ही विसंगती पचविलेलीही आहे. इंडिया गेटच्या दगडांवर साम्राज्यासाठी लढलेल्यांची नावे स्वातंत्र्यानंतर कोणी खरवडून काढली नाहीत. त्याच्याच मागच्या छत्रीखाली, जेथे एके काळी इंग्रज बादशहाचा पुतळा होता तेथे, सप्टेंबर २०२२ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस उभे आहेत. साम्राज्याच्या सैन्यात मेलेले आणि त्या सैन्याविरुद्ध सेना उभारणारा नेता, हे एकाच आवारात शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि आकाश कोसळलेले नाही. १९७२ मध्ये इंडिया गेटखाली पेटविलेली अमर जवान ज्योत जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या ज्योतीत विलीन करण्यात आली, तेव्हा सरकारची बाजू अशी होती की, ज्यांच्यासाठी ज्योत आहे त्यांची नावे जेथे कोरलेली आहेत तेथेच ती तेवावी. हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. मग ज्यांची नावेच कोठे नाहीत त्यांच्यासाठी ज्योत कोठे पेटवावयाची?

नावाला आम्ही इतके महत्त्व का देतो, असे कोणी विचारील. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने आपल्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसविल्या. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांतील इतक्यांनी प्राण दिला, एवढाच त्यांवरील मजकूर. फक्त आकडा. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली, आणि गावाला 'मिलिटरी' हे उपनाव कायमचे चिकटले. आकड्यामागची माणसे मात्र कोणाच्या घरातील देव्हाऱ्यापुरती उरली. इराकमधील बसऱ्याच्या स्मारकावरही हेच. अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, आणि हिंदी शिपायांची त्यांच्या पलटणीखाली नुसती संख्या मांडली. ज्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठ्यांच्या पलटणींनी कूतचा वेढा सोसला, त्या मोहिमेतील मृतांचे हे स्मारक! अखेर एप्रिल २०२१ मध्ये युद्धसमाधींची निगा राखणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने, हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांना बरोबरीने स्मरले गेले नाही, हे कबूल करून जाहीर क्षमा मागितली. इंग्रजांनी शिपायाचा आकडा केला म्हणून आपण त्यांना दोष देतो आणि तो योग्यच आहे. पण आपण तर आपल्या दुसऱ्या महायुद्धातील शिपायाचा राजधानीत आकडाही लिहिलेला नाही.

हे काम अवघड आहे असेही नाही. दुसऱ्या महायुद्धातील मृतांच्या याद्या त्याच आयोगापाशी आहेत आणि त्या कोणासही पाहता येतात. पुष्कळ नावांपुढे बापाचे किंवा पत्नीचे नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला आहे. अडचण आहे ती वेगळीच. ही गावे आणि आडनावे इंग्रजी लिपीत, परक्या कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी उतरलेली आहेत; जिल्हे जुने, संस्थाने बुडालेली. ती नावे देवनागरीत शुद्ध उतरविणे हे दिल्लीतल्या कोणा सचिवाकडून व्हावयाचे नाही. ते आपल्या तलाठ्यांनी, ग्रामपंचायतींनी, जिल्हा सैनिक कल्याण कचेऱ्यांनी आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राने एकत्र बसून करावयाचे काम आहे. घरात जुने पत्र, जुने पदक, पेन्शनीचा कागद जपून ठेवलेली कुटुंबे अजून आहेत. ज्यांनी त्या शिपायाला डोळ्यांनी पाहिले अशी माणसे आता बोटावर मोजण्याइतकी उरली असतील. आणखी दहा वर्षांनी ही चौकशी करू म्हणणाऱ्याला कोणाच्या ओसरीवर बसावे हेही कळणार नाही.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या आवारात, हवी तर वेगळी भिंत उभारून, १९३९ ते १९४५ मधील मृतांची नावे कोरण्याचा निर्णय केंद्र सरकारने घ्यावा. त्या भिंतीवर अविभक्त हिंदुस्थानातील सर्वांची नावे असावीत. आज ज्यांची गावे पाकिस्तानात किंवा बांगलादेशात आहेत त्यांचीही. नामदेव जाधवांनी ज्या दिवशी सेनिओच्या काठी पराक्रम केला त्याच दिवशी, त्याच नदीकाठी, सरहद्दीवरील कोहाटच्या अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळविले होते. १९४५ मध्ये त्या नदीच्या पाण्याला पुढची फाळणी ठाऊक नव्हती. आणि दिल्ली हालेपर्यंत महाराष्ट्र सरकारने थांबू नये. आपल्या राज्यातील मृतांची यादी जिल्ह्यावार, गावासकट तयार करून प्रसिद्ध करावी, आणि ती प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावी. जेथे पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे तेथे तिच्याखाली आकड्यांमागची नावेही लिहून काढावीत. रायगड जिल्ह्यापासून आरंभ केल्यास ते शोभून दिसेल.

या कामासाठी समिती नेमली जाईल; समितीवाचून आपल्याकडे दगडही हलत नाही. तिने पुढील १० जुलैपूर्वी निदान एका जिल्ह्याची यादी हाती द्यावी. त्या यादीत हुद्द्याने, वर्णानुक्रमाने की गावावार नावे घालावयाची, हे तिने ठरवावे. गावावार घातल्यास माणगाव तालुक्यात, पळसगावापुढे, नाईक यशवंत घाडगे.